शनवार तेल्यांचा बैल

दिवाळीच्या पहाटे आई तिळाच्या तेलाची वाटी कोमट करून पुढे ठेवी आणि म्हणे, "हे तेल शुक्रवारीच आणून ठेवायला हवं होतं हो पूर्वी!" लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. शनिवारी तेल विकत घेऊ नये असा आपल्याकडे समज आहेच, तेव्हा त्यातलेच हे काहीतरी असेल असे मी धरून चाललो होतो. आईचे माहेर अलिबागेजवळचे. तिच्या आजोळच्या गावात तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे. शुक्रवारी सूर्य मावळला की घाण्याचा बैल सुटायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे. सबंध गाव त्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत असे. ते शनिवारी काम का करीत नाहीत हे गावाने विचारले नाही, आणि त्यांनाही ते धड सांगता आले नसते.

हे शनवार तेली म्हणजे आपले बेने इस्राएल. त्यांची भाषा मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. घरात नारळाच्या रसातले कालवण, बायका लुगड्यात, आणि देव मात्र एकच, तोही निराकार. त्यांच्याविषयी मी यंदा लिहायला बसलो याला एक कारण घडले. ते कारण मला भूषणावह नाही; पण ते गाळले तर या लेखात काही उरणार नाही.

टेबलावरचे पत्र

मी नेरुळच्या एका गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस आहे. निवृत्त माणसाच्या गळ्यात पडणारी ही माळ बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. गेल्या श्रावणात आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक ब्लॉक भाड्याने द्यायचा होता. मालकांनी एक कुटुंब ठरवले. नवरा-बायको, दोन मुले, एक म्हातारी आई. कमिटीत कुजबूज सुरू झाली. त्यांच्या नावाला हरकत होती, की जेवणाला, की देवाला, हे मी येथे सांगत नाही. वाचकांनी आपापल्या सोसायटीत ऐकलेले नाव त्या जागी घालावे. शेवटी ठरले की नकाराचे एक सभ्य पत्र पाठवावे. ते लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी गप्प बसलो होतो, आणि गप्प बसणाऱ्याचे अक्षर नेहमीच चांगले समजले जाते!

पत्र लिहून झाले तो शनिवार होता, १३ सप्टेंबर २०२५. गणपती जाऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी मला पनवेलला मास्तरांकडे जायचे होते. हे मास्तर शाळेत आम्हाला गणित शिकवीत, पण शुद्धलेखनाची चूक दिसली की भूमितीची वहीसुद्धा भिरकावून देत. आज ते नव्वदीच्या घरात आहेत. मुलगी अश्दोदला, मुलगा लोदला, म्हणजे दोघेही इस्राएलमध्ये. मास्तर मात्र पनवेल सोडायला तयार नाहीत. "तिथे गेलो तर मी हिंदुस्थानी होईन, इथे आहे तोवर नुसता पनवेलकर आहे," असे ते म्हणतात. सवयीने मी ते पत्र त्यांना तपासायला म्हणून पिशवीत टाकले.

मास्तरांनी कागद पाहिला आणि हात मागे घेतला.

"आज शनवार आहे, विसरलास? अंधार पडेपर्यंत असले कागद वाचायचे नाहीत, पेन धरायचे नाही. ठेव तिथे टेबलावर. बस."

ते पत्र तीन तास टेबलावर पडून राहिले. त्या तीन तासांत मास्तरांनी मला जे सांगितले आणि घरी आल्यावर मी जे वाचून काढले, ते पुढे देत आहे.

फुटलेले गलबत

अलिबागेच्या उत्तरेला नवगाव म्हणून किनाऱ्यावर गाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत त्या समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती नवगावला पुरली. ती जागा आजही दाखवतात. पोथ्या, भांडी, सारे समुद्रात गेले. ते नक्की केव्हा आले, कोठून आले, यावर पंडितांचे वाद आहेत. पण उरलेल्या सात जोडप्यांच्या वंशजांनी काय राखले याविषयी वाद नाही. सुंता राखली, शनिवार राखला, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची हा नियम राखला, आणि 'शेमा' नावाची एक प्रार्थना राखली. हिब्रू भाषा विसरली, तरी ती प्रार्थना जन्मात, लग्नात आणि मरणात म्हटली जात असे.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक धर्मशील यहुदी कोकणात आला. तो केव्हा आला याविषयीही मतभेद आहेत. त्याने बायकांपुढे हरतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले, तेव्हा त्यांनी खवल्यांची आणि परांची तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. त्यावरून त्याने आपली माणसे ओळखली, अशी गोष्ट सांगतात. एका समाजाचा धर्म त्याच्या बायकांच्या चुलीपाशी सापडावा, ही कोकणाला शोभणारीच गोष्ट म्हणायची.

मग शिक्षण आले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईला मांडवीत पहिले प्रार्थनालय बांधले. या मंडळींचा त्यासाठीचा शब्द 'मशीद'! पनवेलचे 'बेथ एल' १८४९ चे. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. १८८० च्या सुमारास तर या लोकांनी आपल्या हरिकीर्तनाच्या धर्तीवर योसेफाची, मोशेची मराठी कीर्तने सुरू केली. सणांची नावेही पाहा. वर्षारंभाला ते 'नव्याचा सण' म्हणत, आणि आबच्या उपासाला जोडून 'बिरड्याचा सण' येई, कारण त्या सुमारास घरोघरी बिरडे होई. जेरुसलेमचे देऊळ पडल्याचा शोक आणि श्रावणातले मोड आलेले वाल यांची अशी सांगड कोकणाबाहेर कोठे पडणार?

एकच माणूस का?

"नव्याचा सण दहा दिवसांवर आला," मास्तर म्हणाले. "यंदा ५७८६ लागेल. कशापासून मोजतात ठाऊक आहे?"

"जग निर्माण झाल्यापासून," मी म्हणालो.

"बरोबर. पण सण जगाच्या वाढदिवसाचा नाही, माणसाच्या. जग निर्माण व्हायला सहा दिवस लागले, आणि आमचे शास्त्री म्हणतात, नव्याचा सण हा सहावा दिवस. त्या दिवशी मातीचा माणूस झाला. हिब्रूत 'आदामा' म्हणजे माती, म्हणून तो आदाम."

मास्तर गणिताचे. त्यांना मी विचारले की विज्ञान तर विश्वाचे वय तेराशे कोटींहून अधिक वर्षे सांगते, मग या साडेपाच-सहा हजारांचे काय? ते हसले. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन नावाचा मोठा पंडित आणि वैद्य होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की बुद्धीने एखादी गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली तर शास्त्रवचनाचा अर्थ रूपकाने घ्यावा. त्याहून जुन्या शास्त्र्यांची एक गंमत आहे. तोराचे पहिले अक्षर 'बेत'. हे अक्षर वरून, खालून आणि मागून बंद असते, फक्त पुढून उघडे. तेव्हा जगाच्या वर काय, खाली काय, आधी काय होते, याच्या मागे फार लागू नये; जे पुढे उघडे आहे तिकडे चालू लागावे.

"मग या कथेतून घ्यायचे काय?"

"घ्यायचा एक प्रश्न. देवाने मासे थव्याने केले, पाखरे थव्याने केली. माणूस तेवढा एकटा का केला?"

मला उत्तर येईना. मास्तरांनी ते मिश्ना या जुन्या धर्मग्रंथातून सांगितले. न्यायसभेत ज्याच्या साक्षीवर आरोपीचा जीव अवलंबून आहे, अशा साक्षीदाराला बजावायचे हे शब्द आहेत. माणूस एकटा निर्माण झाला तो अशासाठी की, एका जिवाचा नाश करणाऱ्याने सबंध जगाचा नाश केला, आणि एक जीव वाचवणाऱ्याने सबंध जग वाचवले, हे कळावे. दुसरे असे की, माझा बाप तुझ्या बापाहून थोर, असे कोणाला म्हणता येऊ नये. सगळ्यांचा बाप एकच! आणि तिसरे नाण्यांचे. राजा एका छापावर हजार नाणी पाडतो, ती सगळी सारखी निघतात. देवाने सगळी माणसे एका आदामाच्या छापावर पाडली, आणि एक दुसऱ्यासारखे नाही.

मास्तर थांबले. टेबलावर माझे पत्र पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते. त्यांनी त्यावर चष्म्याचे घर ठेवले.

प्रेमाचा हुकूम

यहुदी धर्मात आज्ञा मोजतात सहाशे तेरा. त्यांत प्रेम करण्याच्या आज्ञा मुख्य तीन, आणि तिन्ही ठिकाणी शब्द तोच आहे, 'वे-आहावता'. पहिली देवावर प्रेम करण्याची. ती शेमाच्या प्रार्थनेतच येते. दुसरी शेजाऱ्यावर, बरोबरच्या माणसावर, आपल्यासारखेच प्रेम करण्याची. तिसरी परक्यावर, उपऱ्यावर प्रेम करण्याची. तिचे कारणही जोडून दिले आहे: तुम्हीही मिसर देशात उपरेच होता. उपऱ्याला छळू नका, हे तोरात छत्तीस वेळा सांगितले आहे असे तालमूदमध्ये एक मत आहे. दुसरे मत शेहेचाळीस वेळा म्हणते. जी गोष्ट माणसे सहज करतात ती इतक्या वेळा सांगावी लागत नाही, हे उघडच आहे.

"पण मास्तर, प्रेम काय हुकुमाने करता येते?" मी विचारले. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झालेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये, तरी विचारला.

त्याला दोन उत्तरे मिळाली, दोन्ही त्या मोशे बेन मैमोनची. देवावर प्रेम कसे जडते? तर त्याची सृष्टी डोळे उघडून पाहावी, तिच्यातली अपार बुद्धी पाहून मन आपोआप ओढले जाते. म्हणजे पहिल्या प्रेमाची वाट निर्मितीतून जाते. आणि शेजाऱ्यावरचे प्रेम? तेथे मनाची परीक्षा घेतच नाहीत, कामांची यादी देतात. आजाऱ्याला भेटायला जाणे. शोकात असलेल्याचे सांत्वन करणे. मयताला खांदा देणे, त्याचे दफन नीट करणे. नवरीला आणि नवऱ्याला आनंद देणे. पाहुण्याचा सत्कार करणे, आणि तो निघाला की त्याला थोडे अंतर पोचवायला जाणे. एवढे करावे, हेच त्या आज्ञेचे पालन. मन कधी मागून येते, कधी येतही नाही. काम मात्र चुकवायचे नाही.

या दोन धाग्यांची गाठ दोन शास्त्र्यांच्या वादात पडते. दोघेही दुसऱ्या शतकातले. रब्बी अकिबा म्हणाले, शेजाऱ्यावर आपल्यासारखे प्रेम करावे, हे तोराचे महातत्त्व. बेन अझ्झाई म्हणाले, याहून मोठे तत्त्व आहे. कोणते? तर उत्पत्तीच्या पुस्तकातले ते साधे वाक्य, ज्यात आदामाच्या वंशाची यादी सुरू होते आणि देवाने त्याला आपल्या प्रतिमेसारखे केले असे म्हटले आहे.

मला प्रथम हा वाद कळला नाही. वंशावळीत कसले आले तत्त्व? मास्तरांनी गणितासारखे उलगडून दाखवले. "प्रेमाचे माप 'आपल्यासारखे' असे धरले, तर स्वतःचीच किंमत न राहिलेल्या माणसाचे काय? माझा अपमान झाला, चालतो. मग दुसऱ्याचाही झाला तर बिघडले कुठे, असे तो म्हणेल. म्हणून बेन अझ्झाईने माप माणसाच्या हातातून काढून घेतले. समोरचा तुला आवडतो की नाही, तू स्वतःला आवडतोस की नाही, हे विचारू नकोस. तो कोणाच्या छापाचा आहे एवढे बघ."

बैल आणि वेस

आता आपल्या बैलाकडे येतो. शनिवार पाळण्याची आज्ञा तोरात दोनदा सांगितली आहे आणि कारणे वेगवेगळी दिली आहेत. एकदा म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. दुसऱ्यांदा म्हटले आहे की तुम्ही मिसरात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला सोडवले, म्हणून. या दुसऱ्या ठिकाणी विसावा कोणाकोणाला द्यायचा त्याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा.

मी आईच्या आजोळच्या त्या घाण्याच्या बैलाची गोष्ट सांगितली. मास्तरांचे डोळे चमकले. "बघ," ते म्हणाले, "पोथी समुद्रात बुडाली होती. हिब्रूचे अक्षर वाचता येत नव्हते. तरी तेल्याने बैल सोडला. कारण विसरले, पण बैल विसरले नाहीत. आमच्या पूर्वजांची विद्वत्ता म्हणशील तर एवढीच."

आणि मग ज्या प्रामाणिकपणासाठी मी त्यांना मास्तर म्हणतो, त्याच प्रामाणिकपणाने त्यांनी पुढचेही सांगितले. बैलाला विसावा देणाऱ्या याच समाजात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग होते. सात जोडप्यांचे शुद्ध वंशज ते गोरे. बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधातून जन्मलेल्यांचा वंश तो काळा. त्यांच्यात सोयरीक होत नसे, पंगतही वेगळी असे. ही गोष्ट विसाव्या शतकापर्यंत चालत आली. "एकाच आदामाची लेकरे म्हणून प्रार्थना करायची आणि जेवायला पाट वेगळे मांडायचे! आम्ही हे तुमच्याकडून शिकलो, असे म्हणायची सोय आहे," मास्तर म्हणाले. "पण शिकवणारा होता म्हणून शिकणारा सुटत नाही."

पुढे काळाने तोच पाट उलटा मांडला. १९४८ नंतर हे लोक इस्राएलला जाऊ लागले. १९५१ च्या सुमारास भारतात वीस हजारांहून अधिक यहुदी होते, आज काही हजारच उरले आहेत. तिकडे १९६२ साली धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्राएलांची लग्ने इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पिढ्या तपासाव्यात. जे शेमा म्हणत समुद्रातून वाचले, त्यांना विचारले गेले की तुम्ही खरे आमच्यातले कशावरून? लोक जेरुसलेमला रस्त्यावर उतरले, धरणे धरली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. इथल्या शेजाऱ्यांनी मात्र त्यांच्याकडे असला पुरावा मागितला नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "कागद उशिरा आला, पण शेजार आधीपासून होता."

तपासणी

त्या संध्याकाळी आकाश भरून आले होते. चांदण्या दिसण्याची आशा नव्हती, तेव्हा मास्तरांनी हिब्रू पंचांगातली वेळ पाहिली. सात वाजून गेल्यावर त्यांनी वातींची वेणी घातलेली मेणबत्ती लावली, काळ्या मनुकांच्या शरबताचा प्याला उचलला, सुवासिक पाने हुंगली, मलाही हुंगायला दिली. शनिवार संपला.

मग चष्मा लावून त्यांनी माझे पत्र वाचले. लाल पेन उचलले. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. त्यांनी एका शब्दाखाली रेघ मारली. तो शब्द होता 'बाहेरचे'.

"तू नेरुळला केव्हा राहायला गेलास?"

"अठ्ठ्याऐंशी साली."

"त्याआधी तिथे कोण होते?"

मी काही बोललो नाही. नवी मुंबई १९७० नंतर वसली ती आगरी-कोळ्यांच्या पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर. जानेवारी १९८४ मध्ये त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच शेतकरी गोळीबारात गेले. हे मला पाठ आहे, मी पनवेलचा. या शहरात ते गावकरी सोडले तर जो आहे तो बाहेरचाच, आणि त्यांतला एक मी.

"रागावलास?" मास्तरांनी विचारले. "शेजाऱ्यावर प्रेम करा या आज्ञेच्या अगदी आधी दुसरी आज्ञा आहे. मनात द्वेष धरू नको, माणूस चुकला तर त्याची कानउघाडणी कर. आधी कानउघाडणी, मग प्रेम. क्रम तसाच आहे. मी क्रमाने चाललो." आणि जिन्यापर्यंत मला पोचवायला आले. नव्वदीच्या घरातला माणूस, गुडघे दुखत असताना, पाहुण्याला पोचवायचे म्हणून बारा पावले आला.

पुढच्या रविवारी मी कमिटीची सभा बोलावली. चिटणिसाचे पत्र लिहायला मी नकार दिला आणि का, ते सांगितले. वादावादी झाली. दोघे उठून गेले. बाकीच्यांनी, काहींनी पटून आणि काहींनी चहा गार होत होता म्हणून, हरकत मागे घेतली. मी उत्साहाने त्या गृहस्थांना फोन केला. ते फार सभ्यपणे म्हणाले, "आभारी आहे. पण आम्ही खारघरला जागा घेतली. आईला फार वेळ वाट पाहणं झेपत नव्हतं."

माझ्या गप्प बसण्याला तीन आठवडे लागले होते. एवढ्या अवधीत एक म्हातारी बाई आपले सामान घेऊन दुसरीकडे निघून गेली.

यंदा आमच्या घरचे फराळाचे पहिले ताट खारघरला जाणार आहे. मी पत्ता मागितला, त्यांनी दिला. त्यांच्याकडे काय चालते, काय चालत नाही हेही आमच्या घरातून विचारून घेतले आहे, त्याप्रमाणे करंज्या तळल्या जातील. याने झालेली गोष्ट भरून निघेल असे मी समजत नाही. मास्तरांच्या यादीतले एक काम तेवढे होईल.

आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तेलाची वाटी समोर आली की मला तो शनवार तेल्यांचा बैल दिसेल. शुक्रवारची संध्याकाळ, घाणा थांबलेला, मानेवरचे जू उतरलेले. कोणी त्याला कारण सांगितलेले नाही. तो आपला गोठ्यात शांत बसून रवंथ करतो आहे.